मेंढ्याच्या शिंगाचा ठसा

ठिणग्या लांब उडाल्या आणि टोकाला फुटून विझल्या. बारोरे लोहारांनी ट्रकच्या कमानीच्या पाट्याचा तुकडा सहाणेच्या चाकावरून उचलला. पोलाद चांगलं आहे, म्हणाले, सुरी होईल.

बोनारियाच्या जिवात जीव आला. दोन वर्षांपूर्वी तिचा नवरा बाकिस लग्नाहून परतताना वळणावरून ट्रकसकट दरीत गेला होता. प्यायला होता, असं पत्ताडा गावाने ठरवून टाकलं. सासऱ्यांनी भिंतीवरचा फोटो उतरवला. जेवणाआधीच्या प्रार्थनेतून मुलाचं नाव गाळलं. या उन्हाळ्यात दरीतला ओढा आटला, तेव्हा मेंढपाळांना त्याच्या ट्रकचा हा तुकडा सापडला.

“नुसतं लोखंड सासरे फेकून देतील, काका. तुमच्या ठशाची सुरी फेकायचे नाहीत.”

ठसा होता मेंढ्याच्या शिंगाचा. पात्यात तिळाएवढी खोट दिसली तरी बारोरे तो मारत नसत, पातं भंगारात टाकत. चाळीस वर्षं झाली, माझ्यावर अजून ठसा नाही, असं त्यांची बायको येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे.

त्यांनी ब्रशने गंज काढला. तुटल्या टोकाशी फुगीर रेघ दिसली. वेल्डिंगचा सांधा. आपल्या हातचं काम त्यांनी लगेच ओळखलं.

तेव्हा लोकर कातरायचे दिवस होते. नवा पाटा यायला आठवडा होता आणि बाकिस तुटका पाटा घेऊन हसत दारात उभा होता. कमानीचं पोलाद जोडायचं नसतं, सांध्याशेजारी ते काचेसारखं ठिसूळ होतं, हे बारोरेंनी त्याला सांगितलंही होतं. मग पोराचा हट्ट म्हणून जोडून दिलं. पाटा नेमका सांध्याला लागून तुटला होता.

भट्टी तापलेली होती. दहा घाव, की सांधा पात्यात विरून जाणार. बोनारिया दारात जपमाळ ओढत उभी होती.

त्यांनी तुकडा निखाऱ्यात घातला. लाल झाल्यावर ऐरणीवर ठेवला. हातोडा उचलला, आणि दुसऱ्या हाताने ठसा घेतला. तो सांध्याच्या शेजारी टेकवून एकच घाव घातला.

“काका, अजून सुरी कुठे झालीय?”

“व्हायची नाही, पोरी. हे असंच सासऱ्यांपुढे ठेव, आणि रविवारी चर्चच्या पायरीवर. बाकिस प्यायला नव्हता, पाटा तुटला. हे काम माझं आहे.”