ओली भिंत

पेंटरच्या बायकोला हल्ली घरचा रस्ताही आठवायचा नाही, म्हणून तो तिला कामावर आणून स्टुलावर बसवायचा. वस्तीच्या भिंतीवर त्यानंच तरुणपणी काढलेला बायकांचा घोळका पार विटला होता, तो परत रंगवायचा होता.

दुपारी शिडीवरून उतरला, तर स्टूल रिकामं.

सगळी गल्ली पालथी घातली. कुणी तिला पाहिलं नव्हतं. तसाच परत आला. हात रिकामे ठेववेनात, म्हणून त्यानं भिंत धुवायचा पंप उचलून भिंतीवर पाणी मारलं. विटलेला रंग ओला झाला की घटकाभर उजळतो, तसा घोळका उजळला. आणि त्यात मधोमध त्याची बायको, सकाळी घातलेल्या स्वेटरसकट.

"अहो, किती भिजवाल माणसाला?"

तो गर्रकन वळला. ती मागं उभी होती, डोक्यापासून पायापर्यंत निथळत.

त्याचा जीव भांड्यात पडला. "कुठं उलथली होतीस गं?" म्हणत त्यानं टॉवेलनं तिचं डोकं खसाखसा पुसलं. आलेलं रडू खोकल्यात दडवलं.

"बास. आता त्यांना द्या," ती म्हणाली. "त्याही कुडकुडतायत."

भिंत त्याच्या पाठीशी होती. त्यानं वळून पाहिलं नाही. एका हातानं बायकोला घट्ट धरलं आणि दुसऱ्या हातानं टॉवेल मागं केला.

कुणीतरी तो अलगद घेतला.