पितळी जोड

स्फॅक्स शहरातले म्हातारे सुतार शाडलीबाबा रोज दुपारी शेजारच्या लमजदच्या वर्कशॉपमध्ये कॉफी पीत बसायचे. घरी मात्र सख्ख्या मुलाशी, नाजीशी, दोन शब्द धड बोलायचे नाहीत. नाजीचा नुसता जळफळाट व्हायचा. शेवटी लमजदकडे होता तसाच एअर कॉम्प्रेसर त्यानंही गॅरेजमध्ये आणून ठेवला आणि पाइपाचे जोड घ्यायला दुकान गाठलं.

काउंटरवर लमजद आधीच उभा होता. त्याच्याकडे न बघता नाजी दुकानदाराला म्हणाला, "पितळी जोड द्या. पण आधी आटे बघू द्या. लोखंडी गंजतात, मग हवा गळत बसते."

लमजदनं हातातले लोखंडी जोड हळूच परत ठेवले. "मलाही हेच द्या. याच्यासारखेच."

नाजीचा तोल गेला. "माझा बाप तर तुझ्याकडेच बसतो. आता माझ्यासारखे जोडही पाहिजेत तुला?"

लमजद जोडाचे आटे बोटानं चाचपत राहिला. मग म्हणाला,

"बसतात ना. तीन वर्षं रोज मला ऐकवतात, 'माझ्या नाजीचा हात लागला असता, तर हे असं गळलं नसतं.'"