सातवं पॅनेल

गच्चीवर बारा घरांनी मिळून बारा सोलर पॅनेल बसवली. त्यांच्यावर लिफ्ट चालायची. ज्याचं पॅनेल त्यानेच पुसायचं, असं सभेत ठरलं. तरीही लिफ्ट बंद पडली आणि गुडघे गेलेले बाबा तीन महिने चौथ्या मजल्यावर अडकले. आज इलेक्ट्रिशियनने सातव्या पॅनेलवर बोट ओढलं. बोट काळं झालं. “सगळी एकाच माळेत जोडलीत. हे मळलेलं असताना बाकीची अकरा चकचकीत ठेवून काय उपयोग?” सातवं पॅनेल मास्तरीणबाईंचं, त्या वारल्यापासून घराला कुलूप. जो तो आपापल्या पॅनेलपाशी जाऊन उभा राहिला. ओलं फडकं माझ्याच हातात होतं. मी पुढे सरकले. शेजारच्या काकू कुजबुजल्या, “आज पुसलंस की कायमचं तुझ्याच गळ्यात पडेल.” खालून बाबांची हाक आली, “झाली का गं लिफ्ट सुरू?” मी फडकं पिळलं आणि आमचंच पॅनेल पुन्हा पुसलं.