दाराबाहेरचं दूध

ओट्यावर दोन पातेली होती. एक कालचं, एक आजचं. दोन्हींत दूध नासलेलं. खिडकीशी दोन रिकाम्या दूधपिशव्या धुऊन वाळत घातलेल्या. कप मात्र एकच.

"बघ, स्वतःच्या डोळ्यांनी बघ," किशोरीकाकू म्हणाल्या. "पिशवीवरच्या तुमच्या त्या कोडमधून गोठ्याचा पत्ता निघतो. चहापुरतं चांगलं दूध तेवढं निघत नाही."

पत्ता ओवे गावातल्या गुणाबाईंचा होता. इथून, खांदा कॉलनीतून, आणखी एक तक्रार खरी ठरली, तर डेअरी त्यांचं दूध घेणं बंद करणार होती. म्हणून डेअरीची अनुया आधी गोठ्यावर जाऊन आली होती. "पोरी, आमी पाण्याचा थेंब घालत नाय," गुणाबाई म्हणाल्या होत्या. "दोन म्हशींवर घर चाललंय माजं. नीट बघ." अनुयाने नीट पाहिलं होतं. गोठ्यात दूध चांगलं, टाकीत चांगलं, गाडीत थंडगार. उरलं होतं ते फक्त हे घर.

वाळत घातलेल्यांतली आजची पिशवी अनुयाने उचलली. तिच्या तळाशी तिने पहाटेच चिकटवलेली, तापमान टिपणारी रुपयाएवढी चकती तशीच होती. तिने ती मोबाईलला लावली. पावणेसहाला चार अंश. मग रेघ चढत गेलेली. दहाला तेहतीस अंश.

"काकू, दूध दहापर्यंत दाराबाहेरच होतं. जिन्यातलं ऊन थेट त्याच्यावर येतं."

काकूंनी पातेल्यावर झाकण ठेवलं. ते नीट बसेना.

"समोर शोभा राहायची. सकाळी फिरायला निघाली आणि कडीला दूध दिसलं की बेल वाजवायची. 'किशोरीताई, दूध अजून बाहेरच? बऱ्या आहात ना?' मग चहा घेऊनच जायची. मी मुद्दाम काढायचेच नाही ते." त्या हसल्या. "गेल्या महिन्यात ती खारघरला गेली. आता नवीन माणसं आलीत. चांगली वाटतात. म्हटलं, आज ना उद्या वाजवतील."

गुणाबाईंचं दूध निर्दोष आहे आणि ते बंद होता होता राहिलं, एवढंच अनुयाने सांगितलं.

"बंद होणार होतं? माझ्या तक्रारीमुळे?" काकू खुर्चीत बसल्या. त्यांनी बंद दाराकडे बघितलं. मग म्हणाल्या, "उद्यापण लाव ती चकती. आणि चहा घेऊन जा. कोरा चालेल ना?"

"पुढे अजून दोन घरं आहेत, काकू."

"हो, हो. जा तू."

दुसऱ्या दिवशी काकूंनी फ्रिजमधून काढून दिलेल्या पिशवीची चकती अनुयाने मोबाईलला लावली. पावणेसहाला चार अंश. दहाला चार अंश.