कुंकवाचं कार्ड

मुलांनो, डोळ्यांपुढे आणा बरं दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ आणि सेलूतलं नवंकोरं एटीएम. आदल्या दिवशी आनंदाबाईंनी शिलाई मशीनसोबत एटीएम कार्डालाही ठसठशीत कुंकू लावलं होतं; वर्षभराच्या शिवणकामाची कमाई त्यातच होती ना! पैसे काढता येईनात, म्हणून मागे उभ्या सफारी सूटवाल्या माणसाने मदत केली, पिन नंबरही विचारून घेतला. "मशीन बंद हाय, काकू. उद्या येजा," म्हणत त्याने कार्ड परत दिलं आणि तो स्कूटरकडे वळला. सोबत आलेल्या आठ वर्षांच्या लेकीने, सुरभीने, कार्ड निरखलं. "माय, याच्यावरचं कुंकू काऊन नाई?" आनंदाबाईंच्या मस्तकात तिडीक गेली. त्यांनी धावत जाऊन त्याचा हात धरला. बोटं लाल होती. "मुडद्या, पूजेचं कार्ड बदलवतं? काढ माहं!" हात हिसडून त्याने स्कूटर सुरू केली. तेवढ्यात सुरभी चावी उपसून पोलीस ठाण्याकडे पळत सुटली.