चमचाभर साखर

गेल्या नाताळात मार्थाबाईंनी शेजारच्या देवकीबाईंना दिलेला केक नंतर मागच्या दारी कुत्र्याच्या तोंडात दिसला होता. "अंडं असते ना वं त्यात, आमाले नाही चालत," देवकीबाई ओशाळल्या होत्या. यंदा नाताळ एकादशीला आला. नवरा गेल्यापासून अजनीच्या क्वार्टरात एकट्या राहणाऱ्या मार्थाबाईंनी उपासाला चालेल असाच केक केला. मैद्याऐवजी शिंगाड्याचं पीठ, गोडीला रताळं आणि खजूर. अंडं नाही, दूध नाही. आपल्या घरचं पाणीही नको म्हणून नारळाचं पाणी. वाळूच्या पातेल्यात तो छान फुगला. "एवढं काहून केलं वं?" म्हणत देवकीबाईंनी ताटली दोन्ही हातांनी घेतली. संध्याकाळी ताटली घासूनपुसून परत आली, रिकामी धाडू नये म्हणून चमचाभर साखर घालून. मागच्या दारी कुत्रा जिभल्या चाटत होता. मार्थाबाईंनी साखर तोंडात टाकली. ती त्यांना चालत होती.