जोडलेल्यांची यादी

ज्ञानेशने २००७ साली इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये बिनतारी राउटर बसवला. त्या दिवशी ठिबक सिंचनाचा आराखडा पाचच्या आत पाठवायचा होता, नाहीतर काम दुसऱ्याला जाणार होतं. पावणेपाच झाले तरी आराखडा अर्ध्यावरच अडकलेला.

कोण शेजारी फुकट नेट ओढतोय, हे बघायला त्याने राउटरचं पान उघडून जोडलेल्यांची यादी काढली. पहिलं नाव त्याच्या कॉम्प्युटरचं होतं. दुसरं होतं ‘यशोदाबाई’.

यशोदाबाई म्हणजे देवळ्याहून आलेल्या सासूबाई. त्यांना साधा मोबाइलही उचलता येत नसे. मागच्या सोफ्यावर बसून त्या सकाळपासून बोलत होत्या.

“जावईबापू, त्या लग्नातली जिलबी इतकी गार, की—”

त्याने नावापुढचं ‘बंद’ दाबलं. सासूबाई उघड्या तोंडाने थबकल्या. आराखडा सर्रकन गेला. घामाघूम होत त्याने ‘चालू’ दाबलं.

“—नवरदेवालाच पडसं झालं!”

चहा घेऊन आलेल्या छायाने सगळं पाहिलं होतं. “अहो, माझ्या आईला बंद केलंत?” कप ठेवून तिने माउस ओढून घेतला. यादीत तिसरं नाव उमटलं होतं. ‘ज्ञानेश’.

“छाया, त्याला हात लावू—” तो म्हणाला, “—नकोस!”

घड्याळात आठ वाजले होते. मघाच्या वाफाळत्या चहावर जाड साय धरली होती. छाया जरीची साडी नेसून, गजरा माळून माउसपाशी उभी होती.

“एवढ्यात कशाला चालू केलंस गं?” सोफ्यावरून सासूबाई म्हणाल्या. “माझी मालिका व्हायचीय अजून.”

छायाचा हात माउसवरच होता.